निळी शाई अडली कुठे? टाकीवाल्या प्रिंटरचं एक प्रकरण

विदर्भातल्या शाळा उघडायला आठ-दहा दिवस राहिले की माझ्याकडे प्रिंटरची रांग लागते. दोन-अडीच महिने कपड्याखाली झाकून ठेवलेली यंत्रं सगळ्यांना एकदमच आठवतात. गेल्या जूनमध्ये अकोल्यातल्याच एका ताईंचा फोन आला. त्या घरी पहिली ते चौथीची शिकवणी घेतात. "भाऊ, निळा येतच नाही. दुकानात विचारलं तर म्हणाले, हेड गेलं. गेलं असेल तर नवीन घेते, पण एकदा पाहून तर सांगा."

मी म्हटलं, प्रिंटर आणू नका, मीच येतो. टाकीवाला प्रिंटर ऑटोत कलंडला तर शाई सांडते, आणि सांडली नाही तरी नळ्यांत हवा शिरते. मग मूळ बिघाड कोणता आणि वाटेत झालेला कोणता, हे ओळखणं कठीण जातं. शिवाय यंत्र जिथे बिघडलं ती जागा पाहिल्याशिवाय मला समाधान होत नाही. या प्रकरणात निम्मं उत्तर त्या खोलीतच होतं.

यंत्र साडेतीन वर्षांचं. चार रंग, वर स्कॅनर, उजव्या अंगाला पारदर्शक खिडक्यांच्या चार टाक्या. काळी शाई पिगमेंटची, म्हणजे रंगाचे बारीक कण द्रवात तरंगत असतात. निळी, गुलाबी आणि पिवळी डायची, म्हणजे त्यात रंग पूर्ण विरघळलेला असतो. हेड, म्हणजे कागदावर शाई उडवणारा भाग, पिझो जातीचं आणि यंत्रातच कायम बसवलेलं. विजेचा झटका मिळाला की त्यातला स्फटिक किंचित वाकतो आणि शाईचा थेंब बाहेर ढकलतो. कार्ट्रिजवाल्या बऱ्याच प्रिंटरांत शाई क्षणभर तापवून, तिचा बुडबुडा करून थेंब उडवतात, आणि त्यातल्या अनेकांत हेड कार्ट्रिजलाच जोडलेलं असतं. नवी कार्ट्रिज बसवली की हेडही नवं. इथे तसं नाही. हेड बदलायचं तर यंत्राच्या किमतीचा मोठा भाग त्यातच जातो. म्हणून 'हेड गेलं' हा निकाल सगळ्यात शेवटी द्यायचा असतो. प्रत्यक्षात तो काउंटरवर उभ्या-उभ्या सगळ्यात आधी दिला जातो, आणि चांगली यंत्रं भंगारात जातात. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ताईंनी माझ्यापुढे नऊ कागद ठेवले. प्रत्येक नोझल चेकचा कागद त्यांनी जपून ठेवला होता आणि कोपऱ्यात लाल पेनने तारीख-वेळ घातली होती, वह्या तपासताना घालतात तशी. अशी नोंद मला आजवर कुठल्याच घरात मिळाली नव्हती. मी यंत्राला हात लावण्याआधी ते नऊ कागद ओळीने जमिनीवर मांडले आणि अर्धा तास त्यांच्यापाशी बसलो.

नोझल चेक म्हणजे हेडच्या प्रत्येक छिद्राने आपापली एक बारीक रेघ काढायची. जे छिद्र बोलत नाही तिथे खाच दिसते. छिद्रं किती बारीक? माणसाच्या केसाच्या जाडीच्या साधारण तिसऱ्या-चौथ्या हिश्शाची. तिथे शाई वाळायला फार काही लागत नाही. पण खाच कोणत्या प्रकारची आहे, हे पाहिलं पाहिजे. दहा वेळा चेक काढला आणि दहाही वेळा त्याच जागी खाच असेल तर ते छिद्र वाळलेलं, तुंबलेलं. खाचा दर कागदावर जागा बदलत असतील तर ते तुंबणं नव्हे, ती हवा. बुडबुडा आज या छिद्रापाशी, उद्या त्या. रंग वर चांगला आणि पानाच्या खाली-खाली फिका होत गेला तर मागून शाई पुरत नाही. आणि अख्खा रंग एका क्षणात, आधी काहीही न बिघडता नाहीसा झाला तर विजेच्या बाजूचाही संशय घ्यावा लागतो.

पहिल्या कागदावर निळ्याच्या साधारण तिसऱ्या हिश्शाच्या रेघा होत्या, विखुरलेल्या. काळ्यात पाच-सहा खाचा. तिथेच मला धीर आला, कारण निळी बाजू थोडी तरी बोलत होती, म्हणजे तिला वीज पोचत होती. दुसरा आणि तिसरा कागद जवळजवळ तसेच. चौथ्यावर निळा पूर्ण गेला. आणि काळा? दुसऱ्या कागदावर ज्या जागी खाचा होत्या त्यातल्या दोन पाचव्यावर भरल्या होत्या आणि चार नव्या जागी पडल्या होत्या. सहाव्यावर पुन्हा वेगळ्या. फक्त तळाच्या दोन खाचा पहिल्यापासून नवव्यापर्यंत जिथल्या तिथे होत्या. आठव्या कागदावर पिवळ्याच्या सुरुवातीच्या रेघा हिरवट निघाल्या होत्या आणि गुलाबीलाही खाचा पडल्या होत्या.

नऊ कागदांच्या मध्ये काय केलं होतं, तेही ताईंनी लिहून ठेवलं होतं: पहिल्या दिवशी हेड क्लीनिंग, म्हणजे छिद्रांतून शाई ओढून ती मोकळी करणं, तीनदा, दुसऱ्या दिवशी पाचदा, आणि शेवटी त्यांच्या मुलाने व्हिडिओ बघून ती मोठी क्लीनिंग एकदा, जी नळ्यांतली सगळी शाई ओढून बदलते. दर वेळी यंत्र आणखी बिघडत गेलं.

मी विचारलं, "ताई, या सगळ्यात टाकीतली शाई किती उतरली?"

त्या थांबल्या. "उतरली कुठे? मी जूनमध्ये वरच्या रेघेपर्यंत भरली, अजून तिथेच आहे."

टॉर्च धरून पाहिलं. खरंच, चारही टाक्या वरच्या रेघेला टेकलेल्या. साध्या क्लीनिंगला थोडीच शाई लागते, ती डोळ्यांना कळेलच असं नाही. पण मोठी क्लीनिंग झाली की टाकीतली पातळी दिसण्याइतकी खाली यायलाच हवी. ती आली नव्हती. म्हणजे नऊ वेळा क्लीनिंगचा आवाज झाला होता, गिअर फिरले होते, स्क्रीनवर 'पूर्ण झाले' असं आलं होतं, आणि शाई जागची हलली नव्हती.

हे कसं होतं ते सांगायला हवं, कारण सगळं प्रकरण याच्याभोवती फिरतं. हेड काम नसताना उजव्या कोपऱ्यात एका रबरी वाटीवर जाऊन बसतं. तिला आम्ही कॅप म्हणतो. कॅपच्या तळाशी स्पंज, त्याखाली एक बारीक नळी, नळी पंपात. पंपातले रोळ नळी दाबत पुढे सरकतात आणि ओढ तयार होते. क्लीनिंगच्या वेळी कॅपचे काठ हेडला घट्ट चिकटून असतात, म्हणून पंपाची ओढ हेडच्या छिद्रांतून वर नळ्यांपर्यंत, तिथून टाकीपर्यंत पोचते. काठ घट्ट नसेल तर पंप बाहेरची हवाच ओढत बसतो. विहिरीवरच्या मोटरीच्या पाइपाला वरच्या जोडात चीर असली की मोटर गरगर फिरते आणि पाणी चढत नाही; शेतकरी म्हणतो, मोटरीने हवा धरली. तेच इथे. आणि यंत्राला हे कळत नाही. ते शाई मोजत नाही, आपण किती क्लीनिंग केल्या तेवढ्या मोजतं आणि शाई गेली असं धरून चालतं.

म्हणून मी लगेच दहावी क्लीनिंग चालवली नाही. यंत्र चालू केलं, हेड कॅपवरून उठून डावीकडे निघालं की वायर काढली. अशा वेळी हेड हाताने अलगद सरकतं. कॅप उघडी झाली. चारही काठांवर काळी, सुकलेली खपली. स्पंजवर शाईचं डबकं, आणि डबक्यावर फेस. टॉर्च तिरपा धरला तेव्हा मागच्या काठावर काहीतरी सोनेरी चमकलं. चिमट्याने उचललं. दीड-दोन सेंटिमीटरची काडी होती, गवताच्या कुसळासारखी. मी मान वळवून पाहिलं. टेबलाच्या बरोबर मागे खिडकीत कुलर होता आणि त्याच्या ताटीत नवं गवत भरलेलं होतं. अकोल्याला मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो, कुलर रात्रंदिवस चालतो, आणि सुरुवातीचे काही दिवस नवीन गवताची कुसं खोलीभर उडतात. त्यातलं एक स्कॅनरच्या फटीतून आत जाऊन कॅपच्या काठावर आडवं पडलं होतं. हेड त्याच्यावर बसलं की काठाला फट राहणार. एवढं पुरे होतं.

पण फेसाचा अर्थ आणखी एक होता. डबकं साचलंय म्हणजे खालची नळीही नीट ओढत नव्हती. हेड दर वेळी त्या डबक्यात टेकत होतं, फेस छिद्रांना लागत होता आणि पंप थांबला की त्यातले बुडबुडे छिद्रांत शिरत होते. काळ्याच्या भटकणाऱ्या खाचा तिथून आल्या. पिवळ्यात हिरवट छटा तिथूनच आली: डबक्यातली निळी शाई पिवळ्याच्या छिद्रांना लागली. म्हणजे प्रत्येक क्लीनिंग हेडला नव्याने आजारी पाडत होती.

नळी तपासायची पद्धत अगदी साधी आहे आणि ती प्रत्येकाला यावी असं मला वाटतं. डबकं टिपून घेतलं, सिरिंजने कॅपमध्ये काठाला लागेल एवढं पाणी भरलं, हेड बाजूलाच ठेवून दहा मिनिटं थांबलो. पाणी तसंच. मग यंत्र चालू करून एक साधी क्लीनिंग दिली आणि पुन्हा कॅप उघडली. निम्म्याहून जास्त पाणी तिथेच होतं. पंप निरोगी असता तर कॅप कोरडी मिळाली असती.

पाणी कुठलं, हे महत्त्वाचं आहे. अकोल्याचा मोठा भाग खारपाणपट्ट्यात मोडतो. बोअरचं पाणी भांड्यावर वाळलं की पांढरा थर सोडतं. तेच पाणी छिद्रांत वाळलं तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. ताईंकडे इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरची न उघडलेली बाटली होती, तीच वापरली. काच पुसायचा स्प्रे, स्पिरिट, नेलपॉलिश रिमूव्हर यातलं काहीही मी कॅपजवळ येऊ देत नाही. रबर फुगतं किंवा कडक होतं, आणि हेडमधले चिकटवलेले थर सुटू शकतात.

मुलगा बाजूलाच बसून बघत होता. त्याने विचारलं, "काका, हेडमध्ये वरून सिरिंजने गरम पाणी मारलं तर? व्हिडिओत तसंच करतात." मी त्याला हेडच्या मागची चपटी पांढरी वायर दाखवली. वरून दाबाने मारलेलं पाणी एखाद्या वेळी छिद्रं मोकळी करतंही, पण थोडं जरी त्या वायरच्या टोकांवर गेलं आणि तसंच यंत्र चालू झालं, तर हेड जळतं आणि सोबत बोर्डही घेऊन जातं. तुंबलेलं हेड बरं होतं, जळालेलं होत नाही. त्याला ते लगेच पटलं. हुशार पोरगा आहे.

कॅपचे काठ चष्मा पुसायच्या कापडाला कोमट डिस्टिल्ड पाणी लावून पुसले. कानात घालायचा कापूस वापरला नाही, कारण एक तंतू काढता-काढता दुसरा सोडायचा नव्हता. हेड पुसणारी रबरी पट्टी, म्हणजे वायपर, तीही पुसली. तिच्यावर काळा गोळा जमला होता. मग कॅपमध्ये कोमट पाणी भरून अर्धा तास मुरू दिलं. यंत्राच्या मागे वाया गेलेली शाई जिरवणारा पॅड असतो, त्याच्या खोक्याचा एक स्क्रू काढून पंपाच्या नळीचं टोक बाहेर घेतलं आणि कफ सिरपच्या मापाच्या टोपणात सोडलं. पंपाचं दातेरी चाक हाताने हळूच फिरवून रोळ सैल केले आणि सिरिंजने सावकाश ओढलं. आधी काहीच नाही. मग अचानक हाताला सैल लागलं आणि काकवीसारखा घट्ट काळा गोळा टोपणात पडला. त्याच्यामागून स्वच्छ पाणी आलं.

एक साधी क्लीनिंग. कॅप कोरडी. टोपणात चार रंग मिसळलेली शाई, तळ झाकून वर आलेली. नऊ क्लीनिंगमध्ये जे झालं नव्हतं ते झालं.

नोझल चेक काढला, ताईंनी त्यावर लाल पेनने '10' लिहिलं. गुलाबी पूर्ण, पिवळा स्वच्छ पिवळा, काळ्यात तीन खाचा. निळा मात्र अजूनही नाही.

आता निळ्याकडे वळता येत होतं. टाकीपासून हेडपर्यंत चार नळ्यांचा पट्टा जातो. त्याच्या मागे टॉर्च धरला तर निळ्या नळीत शाई तुटलेली दिसली: चार बोटं मोकळी जागा, मग बोटभर शाई, मग पुन्हा मोकळी. ही हवा कॅपमुळे आलेली नव्हती, ती टाकीकडून आली होती. मी ताईंना विचारलं, एप्रिलमध्ये निळी किती होती? त्यांनी आठवून सांगितलं की परीक्षेच्या शेवटच्या आठवड्यात नकाशे आणि चित्रांचे बरेच कागद काढले आणि निळी खालच्या रेघेच्याही खाली गेली होती. "थोडी दिसत होती ना भाऊ, म्हटलं पुरेल."

टाकीच्या तळाशी थोडी शाई दिसते हे खरं. पण ती खालची रेघ सजावटीची नाही. तिच्याखाली गेलं की नळीचं तोंड उघडं पडू शकतं आणि शाईबरोबर हवाही ओढली जाते. जूनमध्ये टाकी भरली, पण नळीत आधीच शिरलेली हवा तिथेच राहिली. पहिल्या कागदावर निळ्याच्या ज्या रेघा आल्या, त्या हेडजवळ उरलेल्या शाईच्या होत्या. ती चौथ्या कागदापर्यंत संपली.

नळीवर हवेच्या पुढच्या टोकापाशी मी पांढऱ्या टेपचा बारीक तुकडा लावला आणि आणखी एक साधी क्लीनिंग दिली. मुलगा टॉर्च धरून होता. "सरकली, काका!" टेपपासून हेडच्या दिशेने दीड बोट. हवा निघणार हे आता दोघांनाही डोळ्यांनी दिसलं होतं.

इथे थांबलो. गिऱ्हाईकाला हे पटवणं सर्वांत अवघड जातं, ताईंना मात्र लगेच कळलं. सलग क्लीनिंग दिल्या की शाईत फेस होतो, मोठे बुडबुडे फुटून लहान होतात आणि लहान बुडबुडे काढणं जास्त कठीण. तशीच सोडली तर हवा एका जागी गोळा होते, थोडी शाईत विरघळते, वाळलेल्या खपल्या ओलसर होतात. बारा तास तरी द्यावेत. पॅडची नळी परत बसवली, यंत्र बटणाने बंद केलं आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंनीच चेक काढला: निळा निम्मा. मी गेलो, टाक्यांवर स्केचपेनने शाईच्या पातळीला रेघा मारल्या आणि मोठी क्लीनिंग एकदाच दिली. या वेळी चारही टाक्यांत शाई रेघेखाली उतरलेली स्पष्ट दिसली. निळ्या नळीत शाई अखंड. संध्याकाळपर्यंत यंत्र तसंच ठेवायला सांगितलं. संध्याकाळी फोटो आला, कागद क्रमांक 12. निळा पूर्ण.

काळ्याच्या तळाच्या दोन खाचा राहिल्या, त्या पहिल्या दिवसापासून हललेल्याच नव्हत्या. त्या खऱ्या अर्थाने तुंबलेल्या. पिगमेंटचे कण एकदा वाळून घट्ट बसले की डायच्या शाईइतके सहज विरघळत नाहीत. तेच चष्म्याचं कापड घडी करून, ओलं करून हेडखाली सरकवलं आणि तासभर हेड त्यावर उभं ठेवलं. घासलं नाही. दोनपैकी एक छिद्र उघडलं. दुसरं आजही बंद आहे. मजकुरात ते दिसत नाही, आणि एका छिद्रासाठी बाकीच्या चांगल्या छिद्रांशी झगडायचं नाही असं मी ठरवलं.

कॅपवर खपली का धरली, हा प्रश्न उरला होता. बंद कॅपमध्ये हेड दोन महिने बऱ्यापैकी ओलं राहतं. कुसळाने फट पाडली हे एक, पण खपली एका उन्हाळ्याची वाटत नव्हती. त्याचं उत्तर मला दुसऱ्या दिवशी जाताना मिळालं. प्रिंटर, कॉम्प्युटर आणि टेबलावरचा दिवा एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर होते. शिकवणी संपली की आजी येऊन बोर्डाचं बटण बंद करतात, वीज वाया जाऊ नये म्हणून. शेवटचा कागद बाहेर पडल्यावर हेड लगेच कॅपवर जात नाही, थोडा वेळ पुढच्या कागदाची वाट पाहतं. तेवढ्यात मुळातून वीज गेली की हेड जिथे असेल तिथे, उघडं, रात्रभर. यंत्राच्या स्वतःच्या बटणाने बंद केलं तर ते आधी हेड कॅपवर बसवतं आणि मगच झोपतं. मी आजींना हे यंत्र उघडून, हेड हाताने सरकवून दाखवलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे झाकण न लावताच ठेवत होतो आपण त्याला." अगदी तेच.

प्रिंटरला भिंतीवरचा वेगळा प्लग दिला. कुलरच्या वाऱ्यातून काढून टेबल समोरच्या भिंतीला नेलं. पॅड उघडला होता तेव्हा तो फार ओला नव्हता. पण यंत्राच्या हिशोबात त्या नऊ कोरड्या क्लीनिंगही जमा आहेत, त्यामुळे पॅड भरल्याचा इशारा खऱ्या वेळेआधीच येईल, हे ताईंना सांगून ठेवलं. आला तर घाबरून नवीन यंत्र घेऊ नका, आधी मला फोन करा.

ताई आता दर शुक्रवारी चारही रंगांच्या पट्ट्यांचं एक पान काढतात. दिवाळीच्या सुट्टीतही काढलं. त्या पानांची फाईल झाली आहे, प्रत्येक कोपऱ्यात लाल पेनने तारीख, आणि काळ्याच्या तळाशी, दर पानावर त्याच जागी, ती एक खाच.